ग्रेफ्रायर्स कर्क, एडिनबरा : कुत्र्याचा फोटो काढून परत फिरू नका, आत जा

एडिनबराला जाणाऱ्या आपल्या लोकांच्या लिस्टमध्ये ग्रेफ्रायर्स हे नाव असतंच, पण ते नव्वद टक्के वेळा बॉबी या कुत्र्यामुळे असतं आणि उरलेल्या वेळा भुताच्या टूरमुळे. ज्या चर्चच्या आवारात हे सगळं आहे त्या चर्चच्या दारापर्यंतही बरेच जण जात नाहीत. म्हणून हा रिव्ह्यू फक्त चर्चच्या इमारतीबद्दल लिहितेय. माझं मत आधीच सांगून टाकते, एडिनबरामध्ये फुकट बघता येणाऱ्या जागांमध्ये ही इमारत माझ्यासाठी पहिल्या दोन-तीनात येते, आणि शहरातल्या मुख्य चर्चची, म्हणजे सेंट जाइल्सची गर्दी बघून कंटाळला असाल तर इथे नक्की जाच. फक्त एक अट आहे, तिची गोष्ट थोडी माहीत करून जा, नाहीतर आत शिरल्यावर "बरं, एक लांबलचक हॉल आहे, बाक आहेत, रंगीत काचा आहेत" एवढंच वाटेल आणि पाच मिनिटांत बाहेर याल.

बॉबीचं आधी उरकून घेऊ. जॉर्ज फोर्थ ब्रिज आणि कँडलमेकर रोच्या कोपऱ्यावर त्याचा छोटा पुतळा आहे, विल्यम ब्रॉडी या शिल्पकाराने केलेला, 1873 सालचा. मालक जॉन ग्रे 1858 मध्ये गेला, आणि त्यानंतर 1872 मध्ये स्वतः मरेपर्यंत कुत्रा त्याच्या कबरीपाशी राहिला अशी ती कथा. प्लीज त्या पुतळ्याचं नाक घासू नका, ही काही जुनी प्रथाबिथा नाहीये, अलीकडे टुरिस्टांनी सुरू केलेला प्रकार आहे आणि त्याने पुतळ्याचं खरोखर नुकसान झालंय. गेटमधून आत आलात की बॉबीचा स्मृतिदगड लगेच दिसतो, तिथे लोक काठ्या ठेवतात, कुत्र्याला खेळायला म्हणून. आणि त्या दगडाच्या मागे मान वर करून बघितलंत तर समोर चर्चची पूर्वेकडची भिंत उभी असते. माझा रिव्ह्यू इथून सुरू होतो.

जागेचा इतिहास थोडक्यात सांगते. फ्रान्सिस्कन पंथाचे साधू 1447 मध्ये एडिनबराला आले, त्यांचे झगे राखाडी रंगाचे म्हणून लोक त्यांना ग्रे फ्रायर्स म्हणायचे, ग्रासमार्केटच्या टोकाला त्यांचा मठ होता आणि हा चढावरचा तुकडा म्हणजे मठाचं आवार. 1560 च्या आसपास स्कॉटलंड कॅथलिक धर्म सोडून प्रोटेस्टंट झाला, मठ गेला, आणि 1562 मध्ये मेरी राणीने ही जमीन शहराला दफनभूमी म्हणून दिली, कारण सेंट जाइल्सच्या आवारात जागाच उरली नव्हती. म्हणजे इथे स्मशान आधी आलं आणि चर्च त्यानंतर चाळीस-पन्नास वर्षांनी. हे लक्षात ठेवलं की आवारात फिरताना चर्चच्या चारी बाजूंना, अगदी भिंतींना चिकटून कबरी का आहेत ते कळतं.

चर्चचं काम 1602 ला सुरू झालं आणि 1620 च्या ख्रिसमसच्या दिवशी ते उघडलं. एडिनबरामध्ये धर्मसुधारणेनंतर नव्याने बांधलेलं हे पहिलं चर्च. आता गंमत बघा, तोपर्यंत गवंड्यांच्या हाताला शेकडो वर्षं एकाच पद्धतीच्या चर्चची सवय, टोकदार कमानी, भिंतींना बाहेरून दगडी टेकू, मध्ये रुंद भाग आणि दोन्ही बाजूंना खांबांच्या पलीकडे अरुंद भाग. धर्म बदलला, पूजा बदलली, मूर्ती गेल्या, पण बांधणारे हात तेच होते, त्यामुळे 1602 मध्येसुद्धा त्यांनी मध्ययुगीन वळणाचीच इमारत उभी केली. आणि तरी पूर्वेची ती तिकोनी भिंत, ज्याला इंग्रजीत गेबल म्हणतात, ती बघा. सरळ उतरत्या रेषांच्या ऐवजी तिला वळणं दिलीयेत, टोकांना छोटे दगडी मनोरे, म्हणजे तेव्हाच्या युरोपातली नवी फॅशन वरच्या भागात हळूच आलीये आणि खालचं सगळं जुनंच. एकाच भिंतीवर दोन काळ एकत्र दिसतात. पहिल्यांदा गेले तेव्हा मी ही भिंत न बघताच दाराकडे गेले होते, नंतर आतल्या एका व्हॉलंटियर काकांनी मला परत बाहेर नेऊन दाखवली, आणि तिथून पुढे मला हे चर्च खरं कळायला लागलं.

मूळ चर्च सहा खणांचं होतं आणि पश्चिमेच्या टोकाला टॉवर होता. हे सहा खण आणि टॉवर डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहेत.

आत शिरण्याआधी अजून एक गोष्ट. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या मनात चर्च म्हणजे गोव्याचं चर्च असतं, सोनेरी वेदी, मूर्ती, मेणबत्त्या. स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये, म्हणजे तिथल्या मुख्य प्रोटेस्टंट पंथात, तसलं काही नसतं, कारण त्यांच्या मते देवळात मुख्य गोष्ट म्हणजे बायबलचं वाचन आणि त्यावरचं प्रवचन. त्यामुळे बांधताना विचार हा असायचा की जास्तीत जास्त माणसांना पाळकाचा आवाज स्पष्ट ऐकू आला पाहिजे आणि तो दिसला पाहिजे. ऑर्गन नाही, रंगीत काच नाही, स्तोत्रं म्हणायची ती एकाने सुरुवात करून द्यायची आणि मंडळींनी मागून म्हणायची. 1620 चं ग्रेफ्रायर्स असं होतं, चार भिंती, साध्या काचा, आणि मधोमध शब्द. आज तुम्हाला आत जे दिसतं त्यातलं बरंचसं याच्या अगदी उलट आहे, आणि तो बदल कसा होत गेला हे याच इमारतीत वाचता येतं, म्हणून मला ही जागा एवढी आवडते.

1638 ची गोष्ट तुम्हाला तिथे सगळ्यात आधी सांगतील आणि ती सांगायलाच पाहिजे. राजा पहिला चार्ल्स लंडनमध्ये बसून स्कॉटिश लोकांवर नवीन प्रार्थनापुस्तक लादायला निघाला, 1637 च्या जुलैमध्ये सेंट जाइल्समध्ये त्यावरून दंगल झाली, आणि 28 फेब्रुवारी 1638 ला ग्रेफ्रायर्समध्ये नॅशनल कॉव्हेनंट नावाचा करार वाचून सरदार-जमीनदारांनी त्यावर सह्या केल्या, मग पुढच्या दिवसांत पाळकांनी आणि शहरातल्या लोकांनी. अलेक्झांडर हेंडरसन हा पाळक आणि आर्चिबाल्ड जॉन्स्टन हा वकील, या दोघांनी तो लिहिला होता. त्याच्या प्रती देशभर फिरल्या. टूरवाले सांगतात की बाहेर थडग्याच्या दगडावर ठेवून रक्ताने सह्या केल्या, ऐकायला भारी वाटतं, पण इतिहासकार म्हणतात की पहिल्या सह्या चर्चच्या आतच झाल्या. आतल्या छोट्या म्युझियममध्ये कॉव्हेनंटची एक मूळ प्रत ठेवलीय, ती बघताना घाई करू नका, सह्यांची दाटी बघा, जागा संपत आल्यावर लोकांनी कडेकडेला कशी नावं कोंबलीयेत ते बघा. माझ्यासाठी तिथली सगळ्यात मौल्यवान वस्तू तीच.

त्यानंतरची वर्षं वाईट गेली. 1650 मध्ये इंग्लंडहून क्रॉमवेलचं सैन्य शहरात आलं आणि चर्चची बराक झाली, आतलं सामान मोडलं. 1679 मध्ये बॉथवेल ब्रिगच्या लढाईत राजाच्या सैन्याकडून हरलेल्या कॉव्हेनंटवाल्यांना, सुमारे 1200 जणांना, याच आवाराला लागून असलेल्या मोकळ्या मैदानात उघड्यावर डांबून ठेवलं, कित्येक जण तिथेच मेले. ज्या चर्चमध्ये करार झाला त्याच्याच कुंपणापाशी तो पाळणाऱ्यांचा तुरुंग. आज त्या बाजूच्या गेटला कुलूप असतं आणि रात्री भुताच्या टूर तिथे नेतात. मी एका कंपनीची टूर घेतली होती, तासाभरात त्या कैद्यांची नावं, कारणं, काहीच सांगितलं नाही, फक्त किंचाळायला लावलं. माणसं मेलेल्या जागेवर असं करणं मला पटलं नाही, पैसे गेले त्यापेक्षा याचंच जास्त वाईट वाटलं.

आता तो टॉवर. शहराची बंदुकीची दारू नगरपालिका याच टॉवरमध्ये साठवायची. चर्चच्या टॉवरमध्ये दारूगोळा! 7 मे 1718 ला त्याचा स्फोट झाला, टॉवर गेला आणि पश्चिमेचे दोन खण उद्ध्वस्त झाले. उरले पूर्वेचे चार. शहराने काय केलं, तर त्या चार खणांच्या उघड्या टोकाला आडवी भिंत घालून जुन्या मंडळींना तिथे बसवलं, आणि भिंतीच्या पलीकडे, उडालेल्या दोन खणांच्या जागी आणि आणखी दोन खण पुढे वाढवून, दुसरं चर्च बांधलं. अलेक्झांडर मॅकगिल हा आर्किटेक्ट, 1722 साल. पूर्वेचं ओल्ड ग्रेफ्रायर्स, पश्चिमेचं न्यू ग्रेफ्रायर्स, दोन मंडळी, पाठीला पाठ लावून. भावाभावांच्या वाटणीत वाड्याच्या मधोमध भिंत पडते ना, अगदी तसं, एवढंच की इथे भांडण नव्हतं, शहराची वस्ती वाढत होती आणि जास्त लोकांना बसायला जागा हवी होती. ही भिंत दोनशेहून जास्त वर्षं राहिली.

मॅकगिलचं कौतुक मला यासाठी वाटतं की 1722 मध्ये टोकदार कमानी पूर्ण आउटडेटेड होत्या. तेव्हाचा कुठलाही आर्किटेक्ट ग्रीक-रोमन पद्धतीचे गोल कमानी आणि खांब वापरायला उत्सुक असायचा. आणि तरी त्याने शेजारच्या शंभर वर्षं जुन्या भागाशी जुळेल असंच बांधलं, त्यामुळे बाहेरून बघितलं तर आठ खणांची एकच लांब इमारत वाटते, कुठे जोड आहे ते शोधावं लागतं. उत्तरेच्या बाजूचा पोर्च दोन्ही चर्चच्या सांध्यावर आहे, तिथूनच अंदाज घ्यायचा. आजकाल जुन्या इमारतीला नवा भाग जोडताना "वेगळेपण दिसलं पाहिजे" असं म्हणून काचेचा डबा चिकटवतात, त्या सगळ्यांनी इथे येऊन एकदा बघावं असं मला मनापासून वाटतं.

भिंत असतानाच्या काळातले दोन पाळक आपल्यासाठी इंटरेस्टिंग आहेत. ओल्ड ग्रेफ्रायर्सला 1761 पासून विल्यम रॉबर्टसन होता, तोच एडिनबरा युनिव्हर्सिटीचा प्रिन्सिपल आणि त्या काळातला युरोपभर वाचला जाणारा इतिहासकार, आणि 1767 पासून त्याच्या जोडीला जॉन अर्स्किन. एकाच चर्चचे दोन पाळक, आणि चर्चच्या राजकारणात एकमेकांच्या विरुद्ध गटांचे पुढारी! रॉबर्टसन मवाळ, विद्वान, नव्या विचारांचा, अर्स्किन कडक आणि भक्तिमार्गी, आणि तरी दोघांनी वर्षानुवर्षं एकाच व्यासपीठावरून प्रवचनं केली आणि एकमेकांचा मान ठेवला. कादंबरीकार वॉल्टर स्कॉट लहानपणी आईवडिलांबरोबर याच चर्चला यायचा, म्हणजे त्याने या दोघांना ऐकलंय.

आता रॉबर्टसनबद्दल मला जे कळलं त्याने मी तिथेच बाकावर बसून फोनवर वाचत राहिले. 1791 मध्ये, म्हातारपणी, त्याने प्राचीन लोकांना भारताबद्दल काय माहीत होतं यावर पुस्तक लिहिलं, आणि त्यात आपल्या घारापुरीच्या आणि साष्टीच्या लेण्यांबद्दल लिहिलंय, की एवढे खडक कोरून देवळं काढणारा समाज सुधारलेलाच असला पाहिजे. हा माणूस कधी भारतात आला नाही, प्रवाशांची वर्णनं वाचून लिहिलं. ज्या काळात कंपनीचे लोक इकडे लूट करत होते त्या काळात स्कॉटलंडमधल्या एका चर्चचा पाळक मुंबईजवळच्या लेण्यांवरून आपल्या लोकांना सांगत होता की या देशाला मानाने वागवा. 1793 मध्ये तो गेला, त्याची कबर याच आवारात आहे, आर्किटेक्ट विल्यम अ‍ॅडमच्या मोठ्या थडग्याच्या शेजारी, आणि तो अ‍ॅडम म्हणजे त्याच्या आत्याचा नवरा. तिथे कोणी नसतं. सगळे त्या जादूगार मुलाच्या कादंबऱ्यांतल्या खलनायकाचं नाव असलेला दगड शोधत फिरत असतात. ते पण बघा, पण दोन मिनिटं रॉबर्टसनपाशी जाऊन या.

अर्स्किनचाही आपल्याशी संबंध लागतो. 1796 च्या जनरल असेंब्लीत, म्हणजे चर्च ऑफ स्कॉटलंडच्या सर्वोच्च सभेत, परदेशात मिशन पाठवावं की नाही यावर वाद झाला तेव्हा हा म्हातारा उठून समोरचं बायबल मागून मिशनच्या बाजूने बोलला, पण ठराव पडला. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी चर्च ऑफ स्कॉटलंडने भारतात माणसं पाठवली. मुंबईचे जॉन विल्सन, ज्यांच्या नावाचं विल्सन कॉलेज, तेही चर्च ऑफ स्कॉटलंडचेच. आणि 1843 मध्ये चर्च ऑफ स्कॉटलंड फुटलं, पाळक कोणी नेमायचा, जमीनदाराने की मंडळींनी, या मुद्द्यावर एक तृतीयांशाहून जास्त पाळक आपलं घर, पगार, चर्च सगळं सोडून बाहेर पडले आणि फ्री चर्च काढलं, तेव्हा मुंबईत विल्सनही त्यांच्याबरोबर गेले. एडिनबरामधल्या भांडणाचे तडे गिरगावापर्यंत गेले होते, हे तिथे उभं राहून आठवलं की नकाशा एकदम छोटा वाटायला लागतो.

फुटीनंतर दोनच वर्षांनी, 19 जानेवारी 1845, रविवारची सकाळ, आग लागली. ओल्ड ग्रेफ्रायर्स आतून पूर्ण जळालं, छत गेलं, न्यू ग्रेफ्रायर्सचंही बरंच नुकसान झालं पण ते सावरलं. जुन्या भागाच्या फक्त भिंती उरल्या. मंडळी दहा-बारा वर्षं दुसरीकडे जमत होती. मग डेव्हिड ब्राइस या आर्किटेक्टने ते परत उभं केलं, 1857 मध्ये उघडलं. ब्राइसने आतले खांब आणि कमानी काढूनच टाकल्या आणि एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत एकसंध लाकडी छप्पर टाकलं. प्रवचन ऐकायला हे उत्तमच, मध्ये खांब आडवा येत नाही. पण मला विचाराल तर ब्राइसने त्या भागाचा कणा काढून घेतला. जुनी चित्रं बघितली तर तो भाग नुसती मोठी खोली दिसतो. आणि पूर्वेच्या त्या सुंदर भिंतीत त्याने उंच अरुंद खिडक्या केल्या, ज्या 1200 सालच्या चर्चसारख्या दिसतात. म्हणजे 1620 च्या भिंतीला त्याने तिच्यापेक्षा जुनं करून टाकलं. खिडक्या वाईट नाहीत, पण तिथल्या नाहीत.

त्या खिडक्यांमधल्या काचा मात्र बघाच, जेम्स बॅलंटाइनच्या कारखान्यातल्या, आणि त्यांचं महत्त्व असं सांगतात की धर्मसुधारणेनंतर स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये रंगीत काच आली ती पहिल्यांदा इथे. तीनशे वर्षं जे वर्ज्य मानलं ते परत आलं आणि कुठे, तर ज्या चर्चमध्ये राजाच्या प्रार्थनापुस्तकाविरुद्ध सह्या झाल्या तिथे! यामागचा माणूस म्हणजे तेव्हाचा पाळक रॉबर्ट ली. त्याने एकेक बदल आणले, प्रार्थनेला गुडघे टेकायचे, गाताना उभं राहायचं (आधी उलट होतं, प्रार्थनेला उभे आणि गाताना बसलेले), प्रार्थना छापील पुस्तकातून वाचायच्या, मग 1863 मध्ये हार्मोनियम, आणि 1865 मध्ये चक्क ऑर्गन. या एकेका गोष्टीवरून त्याच्यावर तक्रारी झाल्या, चर्चच्या सभांमध्ये त्याला उभं केलं, वर्षानुवर्षं खेचलं, शेवटी तब्येत ढासळली आणि 1868 मध्ये तो गेला. आज स्कॉटलंडच्या कुठल्याही पॅरिश चर्चमध्ये जा, ऑर्गन आहे, रंगीत काचा आहेत, लोक उभं राहून गातात. तो भांडला म्हणून. खिडक्यांखाली बसलात तर हे आठवा, नुसता "छान कलर आहेत" म्हणून फोटो काढू नका.

मग ती मधली भिंत. 1929 मध्ये स्कॉटलंडमधली फुटलेली मोठी चर्च परत एकत्र आली, आणि त्याच वर्षी ओल्ड आणि न्यू ग्रेफ्रायर्सच्या मंडळीही एक झाल्या. माणसं एक झाल्यावर भिंत ठेवून काय करणार. हेन्री केर या आर्किटेक्टकडे काम आलं, ते 1938 पर्यंत चाललं, भिंत पाडली आणि ब्राइसने काढून टाकलेले खांब-कमानी पूर्वेच्या भागात परत बांधल्या, पश्चिमेच्या भागातल्या कमानींशी जुळवून. त्यामुळे आता असं झालंय की भिंती जास्त जुन्या पूर्वेला, पण तिथले खांब विसाव्या शतकातले, आणि पश्चिमेचा भाग शंभर वर्षं नवा, पण तिथल्या कमानी अठराव्या शतकातल्या. मी व्हॉलंटियर काकांना परत परत विचारून खात्री करून घेतली, कारण डोळ्यांना उलटंच वाटत होतं. काका बिचारे अजिबात वैतागले नाहीत, उलट मला एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत चालवत दाखवत राहिले. ही सर्व्हिस फुकट आहे हे परत सांगते.

बघायची माझी पद्धत अशी. आत गेलात की लगेच पुढे जाऊ नका, आठ खणांच्या बरोबर मध्ये, चार इकडे चार तिकडे, असे उभे राहा. इथे भिंत होती. मग पूर्वेला तोंड करून छप्पर आणि कमानी बघा, मग वळून पश्चिमेला. दोन्हीकडचं छप्पर वेगळं आहे, प्रकाश वेगळा आहे. केरने दोन्ही अर्धे एकसारखे करण्याचा हट्ट धरला नाही, आणि माझ्या मते त्याने घेतलेला हा सगळ्यात चांगला निर्णय. रीस्टोरेशन म्हणजे काय यावर शंभर लेक्चर ऐकण्यापेक्षा इथे दहा मिनिटं उभं राहावं, एकाने जुळवून घेतलं, एकाने पुसलं, एकाने परत आणलं, तिघांचंही काम एका नजरेत दिसतं.

ऑर्गन आत्ताचा आहे तो पीटर कॉलिन्सचा, 1990 चा, आणि नुसता बघण्यासारखा नाही, ऐकण्यासारखा आहे. इथे कॉन्सर्ट होतात, ऑगस्टमध्ये फेस्टिव्हलच्या वेळी तर भरपूर, जमलं तर एखादं तिकीट काढाच, दगडी भिंती आणि लाकडी छप्पर यात आवाज फार सुंदर भरतो, घुमतो पण शब्द हरवत नाही. आणि रविवारी इथे गेलिक भाषेतली उपासनाही असते, हायलँड्समधून शहरात आलेल्या लोकांची परंपरा ती, दुसऱ्या एका चर्चची मंडळी 1979 मध्ये इथे सामील झाली त्यांच्याबरोबर आलेली. गेलिक स्तोत्रं म्हणण्याची पद्धत अशी की एक जण ओळ सुरू करतो आणि बाकीचे आपापल्या चालीने तिच्यावर आवाज चढवत जातात, एक अक्षर कळलं नाही तरी चालेल. फक्त उपासनेला गेलात तर उपासनेसारखे बसा, फोन बाहेर काढू नका.

काय आवडलं नाही ते पण लिहिते. ढगाळ दिवशी, म्हणजे तिथे बहुतेक दिवशी, पूर्वेचा भाग फार अंधारा वाटतो, त्या अरुंद खिडक्यांचाच हा परिणाम. सकाळी जा, पूर्वेचं ऊन आलं तर काचांचा रंग जमिनीवर पडतो, दुपारनंतर ती मजा नाही. दुसरं म्हणजे बाहेरची गर्दी, आवारात सारखे ग्रुप आणि गाइड, आणि कबरींवर बसून सँडविच खाणारे लोक. अहो, ती दफनभूमी आहे. जुन्या भिंतींवरची सतराव्या शतकातली स्मारकं, कवट्या, वाळूची घड्याळं, सांगाडे कोरलेली, ती मात्र शांतपणे बघण्यासारखी आहेत, आणि कबरींवरचे ते लोखंडी पिंजरे मेलेल्यांना बाहेर येऊ न देण्यासाठी नाहीत, तर प्रेतं चोरून मेडिकलच्या अभ्यासाला विकणाऱ्यांपासून वाचवण्यासाठी आहेत, कुठल्या गाइडने काहीही सांगितलं तरी. जमीन चढ-उताराची आणि पावसात निसरडी आहे, आईबाबांना घेऊन जात असाल तर चांगले बूट घालायला सांगा.

प्रॅक्टिकल माहिती : चर्चमध्ये जायला तिकीट नाही, डोनेशनचा डबा असतो, टाका, एवढी जुनी इमारत सांभाळायला पैसा लागतो. आवार खुलं असतं पण चर्च रोज उघडं नसतं, थंडीच्या महिन्यांत तर वेळा खूप कमी होतात, म्हणून निघण्याआधी त्यांच्या साइटवर बघून घ्या, लग्न किंवा कॉन्सर्ट असेल तरी बंद असू शकतं. व्हॉलंटियर दिसले तर आपणहून विचारा, ते स्वतःहून मागे लागत नाहीत. म्युझियमच्या कोपऱ्यात बॉबीचं 1867 मध्ये काढलेलं ऑइल पेंटिंग आहे, मुलं बरोबर असतील तर त्यांना ते दाखवा, पुतळ्यापेक्षा कुत्रा इथे जास्त खरा दिसतो. निवांत बघायला एक-दीड तास धरा. आणि बाहेर पडलात की रस्त्यापलीकडेच नॅशनल म्युझियम ऑफ स्कॉटलंड आहे, तेही फ्री, तिथे "मेडन" नावाचं शिरच्छेदाचं यंत्र ठेवलंय, ज्याने कॉव्हेनंटच्या काळातल्या बड्या बड्या माणसांची मुंडकी उडाली. ग्रेफ्रायर्स आधी आणि ते नंतर, याच क्रमाने बघा.